शनिवारचं भरलेलं विमान

विमानाचं तिकीट रेल्वेच्या एसी डब्यापेक्षा स्वस्तात मिळालं, असं लेकीनं फोनवर सांगितलं आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. बंगलोर ते नागपूर. नागपूरहून तिला घरी आणायला आमची जीप जाणार होती.

"स्वस्त काऊन?" मी विचारलं.

"ऑफर होती आई."

"कायची ऑफर? त्याले दारं-खिडक्या तरी हायेत ना?"

ती हसली. "तुले ना, सगळ्यातच खोट दिसते."

दिसते. कारण असते. वरवट बकालच्या स्टँडला लागून माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. बाई कापड पुढ्यात टाकून "मीटरभर आहे पुरं" म्हणाली, तरी मी टेप लावते. भावापेक्षा स्वस्त कापड कोणी आणलं, तर आधी त्याचा कोपरा पाण्यात बुडवून बघते. लोकांना राग येतो. येऊ दे. शिवून झाल्यावर कापड आटलं की शिव्या मलाच बसतात.

पण हे तिकीट म्हणजे नुसता प्रवास नव्हता. लेकीचं पहिलं बाळंतपण होतं. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत, आणि मला तर रीतीच्या पलीकडची हौस होती. मागची खोली चुना देऊन घेतली होती. बाजेला नवी नवार भरली होती. शेगावच्या डॉक्टरीणबाईंना आधीच सांगून ठेवलं होतं. सातव्या महिन्यात लेकीला आणायचं, आठव्यात हलवायचं नाही, हे आमच्या घरात पक्कं. तिच्या बंगलोरच्या डॉक्टरनंही जवळपास तेच सांगितलं. रेल्वेचे दीड दिवसाचे धक्के नकोत, न्यायचं तर विमानानं न्या, आणि आठवा लागायच्या आत न्या. त्यानंतर विमानवाले तरी सहज बसू देतात का? म्हणजे ते तिकीट हुकलं की माहेरचं बाळंतपण हुकलं.

विहीणबाईंचं मन मात्र वेगळं आहे, असं मला सारखं वाटायचं. जावयाची आई मूळची अकोल्याची, पण पोराच्या नोकरीपायी त्याच्यासोबत बंगलोरलाच राहते. फोनवर फार गोड. "इकडं दवाखाना चांगला हाय इहीनबाई, पण तुमची हौस हाय तर न्या बापा." त्या 'पण'वर मी दिवस दिवस विचार करायची. एवढं गोड बोलणारी बाई पहिलं नातवंड सहजासहजी सोडते का? आणि लेक तरी? तिला तिथल्या लिफ्टची न् एसीची सवय. आमच्याकडं उन्हाळ्यात दुपारची वीज गेली की हातपंख्यावर दिवस काढायचा. मला दोघींचाही संशय होता, आणि तिसरा त्या विमान कंपनीचा.

कंपनीचा संशय तर सगळ्यात घट्ट. स्वस्त भाड्याचा खेळ मी माझ्याच दुकानाच्या दारातून बघितलेला होता.

आमच्या ह्यांची जीप वरवट ते शेगाव चालते. पलीकडच्या गल्लीतल्या एका भाईजानची जीपही त्याच रस्त्यावर होती. आधी दोघं नंबरानं गाड्या लावायचे. एकाची भरून निघाली की दुसऱ्याची लागायची. दोघांचा चहा एका ठेल्यावर. मग त्यांच्यात काय बिनसलं कोण जाणे, भाईजाननं भाडं उतरवलं. ह्यांनी त्याच्या खाली उतरवलं. त्यानं आणखी खाली. लोक खूश! एसटी सोडून जीपमध्ये बसायला लागले, मागं लटकून जायला लागले, ज्यांना शेगावात काडीचं काम नाही तेही जायला लागले. तेवढ्यात डिझेल चढलं. पंपावरचा भाव वर, स्टँडवरचं भाडं खाली.

मी ह्यांना म्हटलं, "हे तुमी कोणाच्या खिशातून चालवून राह्यले?"

"तुले काय समजते धंद्यातलं?"

चांगलं समजत होतं. माझ्या खिशातून चालवत होते. घर माझ्या शिलाईवर निघायचं, म्हणून ह्यांच्या जीपला तोटा सोसवायचा. भाईजानच्या घरात दुसरी कमाई नव्हती. त्याचा धंदा बसला. आणि त्यातली एक गोष्ट मी नीट बघून ठेवली होती. ज्या आठवड्यात त्यानं जीप विकायला काढली, त्या आठवड्यातही ती गच्च भरून जायची. पाय ठेवायला जागा नसायची. भरून गेली तरी डिझेल निघत नव्हतं. जेवढ्या फेऱ्या, तेवढा तोटा.

त्याची जीप गेल्यावर ह्यांनी लगेच भाडं वाढवलं, आधी होतं त्याच्याही वर नेलं. लोकांनी शिव्या घातल्या, पण जातात कुठं? भाईजान आता दुसऱ्याच्या मालाच्या गाडीवर ड्रायव्हर आहे. ईदला शीरखुर्मा अजून पाठवतो. तो माझ्या घशाखाली सरळ उतरत नाही.

तर असं सगळं माझ्या डोक्यात असताना लेक ऑफरचं कौतुक सांगत होती. मी खोदून खोदून विचारलं. विमानात पाणी देतात का? विकत. खिडकीची जागा? तिचे वेगळे पैसे. बॅग? वजनावर पैसे. आणि तिकिटाचे पैसे कधी घेतले? घेतले की, केव्हाच.

"जीपमध्ये माणूस उतरताना पैसे देते," मी म्हटलं. "हे लोक चढायच्या कितीतरी आधी घेतात. काऊन? मधल्या दिवसात त्या पैशाचं करतात काय?"

"तेल भरत असतील मामी," जावई मागून बोलले. ते चेष्टा करत होते. मला चेष्टा वाटली नाही. आमच्या गल्लीतली भिशी अशीच बुडाली होती. नव्या बायकांचे पैसे घ्यायचे आणि जुन्या बायकांना द्यायचे. एके दिवशी नवी बाई मिळाली नाही, की बसा बोंबलत.

त्या दिवसांत टीव्हीवर रोज तेल भडकल्याच्या बातम्या. कुठं दूर लढाई चालू होती म्हणे, आणि पंपावरून आलं की ह्यांचं तोंड वाकडं व्हायचं. तेल भडकलं की जीपचं भाडं वाढतं, भाजी वाढते, दळणसुद्धा वाढतं. आणि या कंपनीनं काय करावं? आणखी एक ऑफर काढली! लेकीनं ते पण हौसेनं सांगितलं. मी कपाळावर हात मारला. ज्याला उद्याची फिकीर करायची सोय उरली नाही, ज्याला आजच्या आज रोकड पाहिजे, तोच असले धंदे करतो. पण घरात माझं कोण ऐकतं?

मग मेसेज सुरू झाले. आधी सकाळचं विमान संध्याकाळी नेलं. मग त्या दिवसाचंच रद्द झालं. आणि वर लिहून आलं की बुधवारी या नाहीतर शनिवारी या, तारीख बदलायचे पैसे नाहीत. इथं तर माझी खात्रीच झाली. घोटभर पाणी फुकट न देणारी माणसं तारीख फुकटात बदलून देतात? यात काहीतरी काळंबेरं होतं.

लेक म्हणाली, "मी बुधवारचं घेते."

ह्यांनी माझ्या हातातून फोन घेतला. "बुधवारी सीटा किती भरल्या, दिसते का तुले?"

तिनं बघून सांगितलं. बुधवारी बऱ्याच जागा रिकाम्या होत्या. शनिवारी जोडून सुट्ट्या होत्या म्हणून विमान जवळजवळ भरलेलं.

"मंग शनिवार घे," हे म्हणाले. "मालक रिकामी गाडी रद्द करते, भरलेली नाई. आयुष्य गेलं माह्यं लायनीवर. भरलेल्या गाडीले मरण नसते."

मी शिलाईवरून उठले. "भाईजानची गाडी रिकामी होती का हो?"

ह्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"गच्च भरून जाये! या डोयानं पाह्यली म्या."

"ते जीपचं होतं."

"आन् तुमचा हा कायदा कायचा हाय? तोबी जीपचाच हाय ना?"

"तू गप बस वं. पोरीले घाबरवू नको."

लेकीनं बापाचं ऐकलं. ऐकणारच. लहानपणापासून गाडी कधी सुटणार हे तिला बापच सांगत आला. मी म्हटलं, जाऊ द्या, माझ्या बोलण्याला इथं भाव नाही.

बुधवारचं विमान अर्ध्या रिकाम्या जागा घेऊन नागपूरला बिनघोर उतरलं. लेकीनंच मोबाईलवर बघून सांगितलं. ह्यांना मी काही बोलले नाही. म्हणजे जेवण होईपर्यंत नाही. नंतर बोलले, आणि चांगलं बोलले.

शनिवारी ह्यांनी उजाडता उजाडता जीप धुतली, मागच्या सीटवर गादी अंथरली, दोन उशा टाकल्या आणि नागपूरला निघाले. मी दुकान बंद ठेवलं. लेकीला आवडते म्हणून ज्वारीच्या पिठाची आंबील करून ठेवली, भरीताची वांगी आणून ठेवली. पहिला फोन आला तेव्हा ती विमानतळावर पोचली होती. दुसरा आला तेव्हा पाटीवर उशीर दाखवत होते. तिसऱ्या फोनला अजून उशीर. चौथा फोन दुपारी आला.

"आई, रद्द झालं."

"कोणतं? तुह्यं?"

"आमचंच नाई, त्यांची सगळीच. तेलवाले तेल द्यायले तयार नाईत म्हणते. आधी पैसे टाका म्हणे, मंग नळी लावतो. उधारी लई झाली म्हणते. काउंटरवरची पोरगी रडून राह्यली, तिचाबी पगार नाई झाला."

भरलेलं विमान. सगळ्यांचे पैसे आधीच घेतलेले. आणि टाकीत तेल नाही. बाप्पा! माझं म्हणणं खरं झालं, पण खरं झाल्याचा आनंद कसला होतो?

आणि तेवढ्यात डोक्यात दुसराच किडा वळवळला. लेक रडत नव्हती. आवाज अगदी शांत. एवढी मोठी गोष्ट झाली आणि पोरगी शांत कशी? मी बोलून गेले.

"पोरी, खरं सांग. तू घरीच हायेस ना? तुह्या सासूनं शिकवलं का तुले असं सांगायले?"

तिनं व्हिडिओ लावला आणि फोन फिरवला. फरशीवर माणसंच माणसं. बॅगांवर निजलेली लेकरं. एक माणूस काउंटरवर हात आपटून ओरडत होता. पाटीवर सगळीकडं लाल अक्षरं. मग तिनं फोन स्वतःकडं वळवला. ती भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. पाय इतके सुजले होते की चपला बाजूला काढून ठेवलेल्या. आणि ते पाय विहीणबाईंच्या मांडीवर होते. सोडायला आलेली ती बाई पास काढून आत आली होती, सकाळपासून घरी गेलीच नव्हती. फरशीवर मांडी घालून सुनेच्या पोटऱ्या चोळत होती.

तिनं वर बघितलं. "इहीनबाई, पोरगी सकाळपासून जेवली नाई. तुमी सांगा तिले दोन घास खायले. माह्यं नाई ऐकत."

"खा वं माय," मी म्हटलं. मी विचारलं त्यात काही चुकलं, असं मला अजूनही वाटत नाही. विचारायलाच पाहिजे होतं. पण लेकीनं त्यानंतर दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलणं केलं, आणि ते मला फार लागलं.

तिकडं हे नागपूरच्या विमानतळाबाहेर गादी घातलेली जीप घेऊन उभे. त्यांनी शेजारच्या एका टॅक्सीवाल्याला दुसऱ्या कंपन्यांचं भाडं बघायला लावलं. सकाळपर्यंत जे परवडण्यासारखं होतं, ते आता भलतंच वर गेलं होतं. ह्यांचा फोन आला.

"लुटारू हायेत साले. एक कंपनी बसली तं बाकीच्यायनं लगेच भाडं वाढवलं. माणुसकी नाई राह्यली."

"तुमी काय केलं होतं?" मी विचारलं.

"हाव," ते म्हणाले. "तेच केलं होतं म्या." एवढ्या वर्षांत पहिल्यांदा हे तोंडातून निघालं. मग घसा खाकरून म्हणाले, "काढू का तिकीट? लागू दे लागते तेवढं."

मी म्हटलं, काढा. कानातलं मोडू, पण काढा.

पण तिकीट काढायची वेळच आली नाही. संध्याकाळी लेकीचं ब्लडप्रेशर वाढलं. डॉक्टरनं दवाखान्यात एक दिवस ठेवून घेतलं आणि सांगितलं, आता प्रवास नाही. विमान नाही, रेल्वे नाही, काही नाही. हलायचंच नाही. आमचं माहेरचं बाळंतपण तिथंच संपलं.

हे नागपूरहून रिकामे परत आले. गादी काढून कोपऱ्यात उभी केली आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. मी त्या चुना दिलेल्या खोलीत गेले, दार लोटलं आणि चांगली मोठ्यानं रडले. कोणाला शिव्या द्यायच्या? कंपनीच्या मालकाला मी कधी पाहिलेलं नाही. तिकिटाचे पैसे परत मिळतील असा मेसेज आला होता. ते अजून मिळत आहेत. त्या काउंटरवरच्या पोरीचा पगार तरी झाला का, हे पण कळलं नाही.

काही दिवसांनी विहीणबाईंचा फोन आला. "तुमीच या ना इकडं. बाळंतपण होईपर्यंत राहा, सव्वा महिना राहा."

फोन ठेवल्याबरोबर मी ह्यांना म्हटलं, "काऊन बोलावून राह्यली असन? कामाले बाई पायजे असन फुकटची."

"जा ना तू," हे वैतागले. "संशय तिथं जाऊन घे."

गेले. हे भुसावळपर्यंत सोडायला आले. तिथून पुढं रेल्वेनं, डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतिणीचा सुंठगूळ, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी, असं सगळं गाठोड्यात बांधून. बंगलोरला पोचले तर विहीणबाईंनी त्यांचा पलंग मला दिलेला आणि स्वतः दिवाणखान्यात सतरंजी टाकलेली. मी नको नको म्हटलं, ती ऐकेना. ती बाहेर गेल्यावर मी गादी दाबून बघितली. चांगली होती. मग मला वाटलं, माझे लाडू नाहीतर माझा स्वयंपाक तरी हिला खटकेल. तिनं लाडू डब्यात भरून ठेवले आणि स्वयंपाकघर माझ्या हवाली केलं. एक माणूस इतकं सरळ असू शकतं, हे माझ्या पचनी पडत नव्हतं. मी वाट बघत होते, कधी ना कधी खरा रंग निघेल.

लेकीला कळा सुरू झाल्या त्या दिवशी सकाळी आम्ही तिला घराजवळच्या नर्सिंग होममध्ये नेलं. जावई ऑफिसच्या कामानं हैदराबादला, त्यांना पोचायला संध्याकाळ होणार होती. आतल्या खोलीच्या दाराशी नर्स आडवी आली आणि कानडीत भराभरा काहीतरी बोलली. विहीणबाईंना ती भाषा आता येते.

"एकच बाई आत चालते म्हणते," तिनं सांगितलं.

मी मागं सरकले. हिचं गाव, हिचा दवाखाना, हिची भाषा. हीच जाणार. शेवटी रंग निघाला, असं माझ्या मनात आलंच.

"तुमी जा," ती म्हणाली.

"म्या? मले त्यायचं बोलणं समजत नाई."

"पोरगी समजते ना? जा लवकर." आणि तिनं माझ्या पाठीला हात लावून मला आत ढकललं. दार लागलं.

आत माझी लेक बाजेची पट्टी धरावी तशी पलंगाची दांडी धरून होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि विमानतळावरच्या त्या फोननंतर पहिल्यांदा "आई गं" म्हणून माझा हात ओढला. नर्स ओरडत होती. मला एक अक्षर कळेना. लेक ऑफिसात इंग्रजी बोलणारी, पण त्या घडीला तिला कोणतीच भाषा कळत नव्हती. मी नुसती तिच्या कपाळावरून हात फिरवत होते.

तेवढ्यात दारापलीकडून विहीणबाईंचा खणखणीत आवाज आला.

"इहीनबाई! श्वास सोडाले सांगून राह्यली ते! तोंडानं सोड म्हणा!"

"तोंडानं सोड माय," मी लेकीला म्हटलं.

नर्स पुन्हा काही ओरडली.

"आता जोर नोको लावू म्हणते! थांब म्हणा!"

"थांब माय, थांब."

"आता! आता लाव म्हणते जोर! लाव वं माह्या वाघिनी!"

नर्स कानडीत बोलायची, दाराबाहेरून ते वऱ्हाडीत यायचं, आणि मी ते लेकीच्या कानात सांगायची. असं किती वेळ चाललं मला सांगता येणार नाही. मग एकदम बाळ रडलं.

लगेच बाहेरून दारावर थापा बसायला लागल्या. "काय झालं? अवं इहीनबाई, बोला ना! पोरगी बरी हाय ना? बोला ना बापा!"

नर्सनं दुपट्यात गुंडाळलेलं बाळ माझ्याकडं पुढं केलं. मी ते घेतलं नाही. नर्स नको नको म्हणत असताना मी दार उघडलं, विहीणबाईंचं मनगट धरलं आणि त्यांना आत ओढलं.

"पोरगी झाली," मी म्हटलं. "तुमी घ्या पहिले."